ट्रेलर लावला की ट्रक बसतो, डुलतो, तापतो: एअरबॅग घेण्याआधी दरवाज्यावरचा स्टिकर वाचा

तक्रार दर उन्हाळ्यात तीच असते. अर्ध्या टनाचा, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गातला, चार दारांचा क्रू कॅब पिकअप, ब्रोशरमध्ये टोइंग क्षमता 11,200 पाउंड, ट्रेलर कागदावर 6,800 पाउंडांचा. हिशेबाने ट्रकने हसत ओढायला हवा. प्रत्यक्षात ट्रेलर लावला की मागचा बंपर खाली बसतो, समोरचे लोक लाइट मारायला लागतात कारण आपले हेडलाइट थेट त्यांच्या डोळ्यांत जातात, आणि स्टिअरिंग हाताला हलकं लागतं. हायवेवर शेजारून सेमी, म्हणजे मोठा मालट्रक, गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं, मग लगेच आत ओढल्यासारखं होतं आणि ट्रेलर मागे दोन-तीनदा डुलतो. चढावर गिअर खालीवर होत राहतात, उतारावर ब्रेकचा वास येतो.

मग खर्च सुरू होतो. आधी एअरबॅग (अपघातातली नव्हे, मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची पिशवी), मग जाड शॉक्स, मग डुलणं थांबवणारा फ्रिक्शन बार, मग टायर. प्रत्येक वेळी थोडा फरक पडतो, आठवडाभर बरं वाटतं, आणि पुढच्या लांबच्या प्रवासात दुखणं परत हजर. 2020 नंतर अमेरिकेतल्या आपल्या ओळखीपाळखीत ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायची चाकांवरची खोली, घेणारी कुटुंबं चांगलीच वाढली, त्यामुळे हा किस्सा मी वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. यातले बरेच जण खरेदीआधी रीतसर स्प्रेडशीट करणारे. स्प्रेडशीट चुकत नाही, त्यात घेतलेला आकडा चुकीचा असतो.

जड ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत आधी संपते ती ओढायची ताकद नव्हे, ट्रकच्या पाठीवर वजन घ्यायची ताकद. म्हणजे पेलोड. आणि तो ब्रोशरमध्ये नसतो. तो तुमच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर, पिवळ्या-पांढऱ्या टायर स्टिकरवर छापलेला असतो: प्रवासी आणि सामान मिळून इतक्या किलोंपेक्षा, म्हणजे इतक्या पाउंडांपेक्षा जास्त नको. हा आकडा त्या मॉडेलचा नसतो, त्या एका गाडीचा असतो. डीलरच्या लॉटवर एकाच रंगाचे, एकाच इंजिनाचे दोन ट्रक शेजारी उभे असतात आणि त्यांच्या पेलोडमध्ये तीन-चारशे पाउंडांचा फरक निघतो, कारण एकाला सनरूफ, पॉवरवर उघडणाऱ्या पायऱ्या, 22 इंची चाकं आणि मालिशच्या सीट्स आहेत. ट्रिम, म्हणजे सोयी-सजावटीची पायरी, जितकी महाग, तितका पेलोड कमी. विक्रेता ही गोष्ट आपणहून सांगत नाही. खरं तर बऱ्याच विक्रेत्यांना ती माहीतही नसते.

ब्रोशरचा आकडा खोटा आहे का?

खोटा नाही. पण तो तुमच्या घरासाठी काढलेला नाही. अमेरिकेत आता बहुतेक पिकअपची टोइंग क्षमता एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे2807 या मानकाने ठरते. टोयोटाने 2011 च्या टुंड्रापासून हे मानक पाळायला सुरुवात केली, बाकीचे हळूहळू मागून आले. या चाचणीत ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ असतो: स्टेट रूट 68, बुलहेड सिटीपासून गोल्डन व्हॅलीकडे साडेअकरा मैलांच्या आसपास चढण, पायथ्याशी 100 अंश फॅरेनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि ताशी 40 मैलांच्या खाली यायचं नाही. इंजिन, रेडिएटर आणि गिअरबॉक्सची परीक्षा म्हणून ती कडक आहे यात वाद नाही.

पण त्या ट्रकमध्ये बसलेले कोण? प्रत्येकी 150 पाउंडांची दोन माणसं, म्हणजे 68-68 किलोंची. मागे मुलं नाहीत, कार सीट नाहीत, बेडमध्ये, म्हणजे मागच्या उघड्या हौद्यात, सायकली नाहीत, जनरेटर नाही, आणि उन्हाळ्यात पुण्याहून आलेली आई तर नाहीच. आपण यलोस्टोनला निघतो ते घरातली सगळी माणसं, दहा दिवसांचा शिधा, प्रेशर कुकर आणि दगडी खलबत्ता घेऊन. ब्रोशरमधल्या क्षमतेतला बराचसा वाटा गॅरेजमधून बाहेर पडायच्या आधीच खर्च झालेला असतो.

आकड्यांत मांडू. उदाहरण कल्पित आहे, पण आकडे रोजच्या व्यवहारातले घेतले आहेत. अर्ध्या टनाचा फोर-व्हील-ड्राइव्ह क्रू कॅब, स्टिकरवर पेलोड 1,480 पाउंड. ट्रकचं कमाल एकूण वजन, ज्याला सगळे जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, ते 7,100. मागच्या ॲक्सलची मर्यादा 4,100. टाकी पूर्ण भरलेली स्टिकरच्या हिशेबात आधीच धरलेली असते, ड्रायव्हर मात्र धरलेला नसतो. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. स्वतःचं वजनही वजा करायचं.

नवरा 180, बायको 140, मुलं 75 आणि 55, आई 130. झाले 580. बेडवरचं कव्हर 60. बेडमधला जनरेटर, कूलर, खुर्च्या, लाकडं मिळून 190. हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, तोही वजन पुढे-मागे वाटून देणारा, 90. बेरीज 920. उरले 560 पाउंड. ट्रेलरची जीभ, म्हणजे हिचच्या गोळ्यावर खाली दाबणारं वजन, त्याला एवढीच जागा राहिली.

ट्रॅव्हल ट्रेलर सरळ चालायचा तर त्याच्या भरलेल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन जिभेवर हवं. मी 13 धरतो. 560 भागिले 0.13 म्हणजे साधारण 4,300 पाउंड. ब्रोशर म्हणतं 11,200. या घरासाठी खरी मर्यादा 4,300.

आणि तो 6,800 चा ट्रेलरही 6,800 चा नसतो. कागदावरचं वजन कारखान्यातून निघतानाचं असतं. त्यात बहुतेक वेळा बॅटरी धरलेली नसते, गॅस नसतो, पाणी नसतं, तुमची भांडी-अंथरुणं तर नसतातच. पाणी गॅलनला 8.34 पाउंड, म्हणजे 40 गॅलनची टाकी भरली की 330 च्या वर. 30 पाउंडी प्रोपेन सिलिंडर भरल्यावर एकेक 55 च्या आसपास, असे दोन, आणि दोन्ही नेमके जिभेवर. बॅटरीही तिथेच. त्यामुळे ब्रोशरमधलं जिभेचं वजन तर ट्रेलरच्या एकूण वजनापेक्षाही जास्त फसवं असतं. असा ट्रेलर प्रवासाला निघतो तेव्हा 8,000 चा झालेला असतो, आणि त्याची जीभ 1,040 ची. जागा होती 560 ची.

अंदाज पुरे, काट्यावर घाला

ज्यांचा ट्रक-ट्रेलर घरात आहे आणि दुखणं चालू आहे, त्यांनी काहीही विकत घेण्याआधी काटा करावा. आपल्याकडे उसाची गाडी कारखान्यावर काट्यावर जाते तसंच इथे ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो. पायलट, फ्लाइंग जे, लव्हज यांपैकी कुठेही सापडतो. त्याला वेगवेगळे फलाट असतात: पुढचा ॲक्सल एकावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलरचे ॲक्सल तिसऱ्यावर. फोनवर ॲप आहे, खिडकीतून ओरडून सांगायची गरज नाही. लगेच दुसऱ्यांदा वजन केलं तर पैसे कमी पडतात.

वजन तीनदा करायचं, आणि तिन्ही वेळा माणसं व सामान प्रवासाला निघताना असतं तसंच असायला हवं. पहिल्यांदा सगळं जोडून, हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे वजन वाटून देणाऱ्या ताणाच्या दांड्या, लावलेले. दुसऱ्यांदा जोडलेलंच, पण बार सोडवून. तिसऱ्यांदा ट्रेलर पार्किंगमध्ये ठेवून नुसता ट्रक, हिच ट्रकलाच ठेवून.

आपल्या उदाहरणात पावत्या अशा येतील. नुसता ट्रक: पुढे 3,420, मागे 3,120, एकूण 6,540. ट्रेलर जोडून, बार सोडून: पुढे 2,960, मागे 4,620, ट्रेलरचे ॲक्सल 6,960. बार लावून: पुढे 3,240, मागे 4,120, ट्रेलर 7,180.

आता वाचा. बार सोडलेला ट्रक 7,580, नुसता ट्रक 6,540; फरक 1,040, हे जिभेचं खरं वजन. ट्रेलरचं एकूण वजन 1,040 अधिक 6,960, म्हणजे 8,000. जीभ 13 टक्के, म्हणजे ट्रेलरमधलं सामान बरोबर लागलंय. पण पुढचा ॲक्सल बघा: जोडल्याबरोबर 460 पाउंडांनी हलका झाला. स्टिअरिंग हलकं लागण्याचं आणि हेडलाइट वर जाण्याचं कारण हेच. जिभेचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे चार-पाच फुटांवर पडतं, म्हणून ते पुढचं टोक उचलतं आणि मागच्या ॲक्सलवर 1,040 ऐवजी 1,500 येतात.

बार लावल्यावर पुढे 280 परत आले, 220 ट्रेलरच्या ॲक्सलकडे गेले. हिचने आपलं काम नीट केलं. तरीही ट्रकचं एकूण 7,360, म्हणजे 7,100 च्या मर्यादेवर 260. मागचा ॲक्सल 4,120, मर्यादेच्या 20 वर. ट्रक आणि ट्रेलर मिळून 14,540, जे अशा ट्रकच्या एकत्रित मर्यादेच्या बरंच आत असतं. इंजिनाला काही अडचण नाही, पण पाठ मोडलेली आहे. टोइंग क्षमतेकडे बघत बसलेल्या माणसाला हे दुखणं दिसणारच नाही.

लक्षणावरून कारण

मागचं बसतं, एवढीच तक्रार असेल आणि काट्यावर सगळं मर्यादेत असेल, तर हिचची जुळणी तपासा. बारचा ताण कमी असतो, किंवा हिचच्या डोक्याचा कोन चुकलेला असतो, किंवा डीलरने ट्रेलर देताना घाईत लावून दिलेला असतो आणि ट्रेलर तेव्हा रिकामा होता. पुढच्या चाकाच्या कमानीची जमिनीपासून उंची तीनदा मोजा: ट्रेलरशिवाय, जोडून, आणि बार लावून. हरवलेल्या उंचीपैकी किती परत आणायची हे ट्रकच्या मॅन्युअलमध्ये असतं. कोणी निम्मी सांगतं, कोणी जवळपास पूर्ण. शेजाऱ्याचं ऐकू नका, मॅन्युअलचं ऐका.

एअरबॅगबद्दल थोडं सविस्तर, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे जातात. एअरबॅग मागचा भाग उचलते. गाडी सपाट दिसते. पण पुढच्या ॲक्सलवरून गेलेले 460 पाउंड ती परत आणत नाही. ते काम हिचच्या बारचं. जीव्हीडब्ल्यूआर वाढत नाही, ॲक्सलची मर्यादा वाढत नाही, टायरची तर नाहीच. उलट आधी एअरबॅग फुगवून गाडी सपाट केली की बारचा ताण किती हवा हे कळायचं साधनच जातं. आधी बार, मग गरज उरली तर थोडी हवा. फोटोत ट्रक छान दिसतो म्हणून तो बरा झाला असं नसतं.

डुलण्याची तक्रार असेल तर पहिला प्रश्न: जीभ किती टक्के? दहाच्या खाली असेल तर ट्रेलर उलाळ आहे. बैलगाडीत माल मागे चढला की जू वर उचललं जातं, तीच गत. फरक इतकाच की इथे ताशी 65 मैलांचा वेग असतो. सायकली मागच्या बंपरवर टांगल्या असतील तर पुढे आणा. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे आहे का पुढे, ते बघा. मागे असेल तर भरलेली टाकी जीभ हलकी करते आणि रिकामी टाकी जड. जिभेचं वजन कमी करायला सामान मागे सरकवणं हा पेलोड वाचवायचा सगळ्यात वाईट उपाय आहे, आणि दुर्दैवाने सगळ्यात सुचणाराही तोच.

टक्केवारी बरोबर असूनही डुलत असेल तर टायर. अर्ध्या टनाच्या बऱ्याच ट्रकवर कारखान्यातून पी-मेट्रिक टायर येतात, म्हणजे मुळात मोटारीचे. त्यांच्या भिंती मऊ असतात, आणि ते ट्रकवर लावले की त्यांची भारक्षमता 1.10 ने भागून धरावी लागते. एलटी, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचे, टायर घातले की डुलण्यात जाणवण्याइतका फरक पडतो. ट्रेलरच्या एसटी टायरमध्ये थंड असताना भिंतीवर लिहिलेली पूर्ण हवा ठेवा, आणि त्यांच्यावर वेगाची मर्यादाही असते, अनेकांवर ती ताशी 65 मैलच असते. कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच 55 च्या वर जायचं नाही.

त्यानंतर येते लांबी. 30-32 फुटांचा ट्रेलर म्हणजे वाऱ्यासाठी भिंत. 145 इंच व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) हलका ट्रक पुढे असेल तर शेपूट कुत्र्याला हलवणार. यावर महागडे हिच आहेत, हेन्स्ली किंवा प्रोप्राइडसारखे, ज्यांत वळणबिंदू कृत्रिमरीत्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलकडे सरकतो. ते काम करतात. पण ते जडही असतात आणि त्यांचं वजन पुन्हा त्याच 1,480 मधून जातं. पेलोड संपलेल्या ट्रकला ते लावणं मला पटत नाही.

डुलायला लागला तर काय करायचं, हे घरातल्या दोन्ही चालवणाऱ्यांना पाठ असलं पाहिजे. ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंगने दुरुस्त करायला जायचं नाही, सरळ धरायचं. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि ब्रेक कंट्रोलरवरचा (ट्रेलरचे ब्रेक चालवणारं ट्रकमधलं यंत्र) हाताने चालणारा खटका दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. तो खटका अंधारातही हाताला सापडतो का, हे पार्किंगमध्ये उभं असतानाच करून बघा.

चढावर गिअर शोधत बसतो, तापमान वाढतं: टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग) लावा, नसेल लागत तर वरचे गिअर बंद करा. मागच्या ॲक्सलचं गिअर-गुणोत्तर 3.21 किंवा 3.31 इतकं लहान असेल तर ट्रक मायलेजसाठी घेतलेला आहे, ओढण्यासाठी नाही. उंचीवर टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं. कोलोरॅडोत आय-70 वर आयझेनहॉवर बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड 11,158 फुटांवर आहे. तिथे पोचेपर्यंत तिसरा हिस्सा गेलेला असतो. टर्बोवाल्यांना हा त्रास बराच कमी.

उतारावर ब्रेक तापतात: कंट्रोलरचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, कमी ठेवलेला असतो, किंवा उताराच्या डोक्यावर गिअर उतरवलेला नसतो. ज्या गिअरने चढलात त्याच्या आसपासच्या गिअरने उतरा. डिझेल ट्रकमधला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) इथे खरोखर सोन्याचा असतो, आणि माझ्या मते डिझेल घ्यायचं सगळ्यात मोठं कारण तोच आहे, ताकद नव्हे.

मग ट्रक कोणता?

उलटा हिशेब करा. ट्रेलर आधी ठरवा आणि त्याचं रिकामं वजन विसरून जा. त्याच्या स्टिकरवरचं कमाल वजन घ्या. आपल्या ट्रेलरचं ते 8,800 असेल, तर 13 टक्क्यांनी जीभ 1,144, पंधरा टक्क्यांनी 1,320. त्यात घरचे 920 मिळवा. ट्रकच्या दारावर 2,100 ते 2,250 पेलोड हवा. बस, एवढा एक आकडा खिशात ठेवून डीलरकडे जा, अश्वशक्तीची चर्चा नको. दार उघडा, स्टिकरचा फोटो काढा, पुढच्या ट्रकाकडे जा.

अर्ध्या टनात हा आकडा जवळपास मिळत नाही. एफ-150 ला हेवी-ड्यूटी पेलोड पॅकेज होतं, ते लॉटवर क्वचित दिसतं. साधी ट्रिम, लांब व्हीलबेस, आणि बहुधा ऑर्डर देऊन. राम 1500 चालवायला सगळ्यांत मऊ, पण तिला मागे पाट्यांच्या (लीफ) स्प्रिंगऐवजी कॉइल स्प्रिंग असतात आणि वरच्या ट्रिममध्ये पेलोड फारच आखडतो. तुमचा ट्रेलर भरलेला 5,000 च्या आसपास असेल आणि माणसं चार असतील तर अर्धा टन मजेत चालतो. त्याच्या पुढे मी तरी ओढाताण करणार नाही.

पाऊण टन, म्हणजे फोर्डचा एफ-250 किंवा राम-जीएमचे 2500. इथे एक गंमत आहे जी माहीत नसलेला माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो. पाऊण टनाच्या अनेक ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर 10,000 वर किंवा त्याच्या किंचित खाली थांबवलेला असतो, कारण 10,001 पासून वजनाचा पुढचा वर्ग सुरू होतो. आता छत तेवढंच ठेवून आत जड डिझेल इंजिन घातलं, फोर-व्हील-ड्राइव्ह घातला, वरची ट्रिम घातली, तर खाली उरणार काय? वरच्या ट्रिमच्या डिझेल 2500 च्या दारावर 2,000 च्या आतला पेलोड निघाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. टोइंग क्षमता मात्र पंधरा-वीस हजार लिहिलेली असते. अर्धा टन विकून, इतके हजार डॉलर जास्त देऊन, पेलोड 1,480 वरून 1,900 वर. एवढ्यासाठी नव्हता केला अट्टहास.

म्हणून 8,000-9,000 च्या ट्रेलरसाठी माझं मत सरळ आहे: पाऊण टन, पेट्रोल इंजिन, मधली ट्रिम. फोर्डचं 7.3 लिटरचं, जीएमचं 6.6, रामचं 6.4, तिन्ही चालतील. पेलोड बहुतेक वेळा 2,500 च्या पुढे निघतो, अनेकदा 3,000. घाटात आवाज करतील, इंजिन मिनिटाला 4,000 फेऱ्यांच्या वर फिरेल, शेजारी बसलेली आई विचारेल गाडीला काय झालं. काही झालेलं नसतं, पेट्रोल इंजिन असंच ओढतं. मायलेज ट्रेलरसकट गॅलनला आठ-नऊ मैलांच्या आसपास धरून चाला.

डिझेलच हवं असेल, म्हणजे रॉकीजमध्ये नेहमी जाणं आहे आणि एक्झॉस्ट ब्रेक हवाच, तर पाऊण टनावर थांबू नका, एक टन घ्या: एफ-350 किंवा 3500, मागे एकेरी चाकं. बाहेरून जवळपास तसाच दिसतो, किमतीत फरक थोडा, पेलोडमध्ये हजार-दीड हजारांचा. तोटा एकच, रिकामा चालवताना थोडा उसळतो. रामच्या 2500 ला मागे कॉइल आणि 3500 ला पाटे असतात, त्यामुळे तिथे हा फरक जास्त जाणवतो.

इलेक्ट्रिक पिकअप? ओढतात, आणि झकास ओढतात. पण मोठा ट्रेलर लावला की रेंज निम्म्याच्या घरात येते, आणि बऱ्याच चार्जरवर ट्रेलर सोडवल्याशिवाय उभं राहता येत नाही. जवळच्या स्टेट पार्कसाठी ठीक.

घेताना दोन लेबलं आणखी बघा. हिच रिसीव्हरवर स्वतःची मर्यादा छापलेली असते, आणि ती दोन प्रकारची: नुसत्या गोळ्यावर आणि वजन वाटणाऱ्या हिचसह. अर्ध्या टनाच्या पुष्कळ ट्रकवर पहिली 5,000 पाउंड ट्रेलर आणि 500 जीभ इतकीच असते. दुसरं, टोइंग गाइडमध्ये ट्रेलरच्या समोरच्या क्षेत्रफळाची मर्यादा असते. आठ फूट रुंद ट्रेलर ती सहज ओलांडतो. आणि कॅलिफोर्नियात राहत असाल तर ट्रेलरचं कमाल वजन 10,000 च्या वर गेलं की साधा परवाना चालत नाही, बिगर-व्यावसायिक क्लास ए लागतो.

ट्रक आणि ट्रेलर दोन्ही आधीच दारात उभे असतील आणि आत्ता काहीच बदलायचं नसेल, तर 260 पाउंड कुठून काढता येतील ते बघा. बेडमधलं 190 चं सामान ट्रेलरमध्ये, ॲक्सलच्या बरोबर वर हलवा. त्यातला थोडाच भाग जिभेवर परत येतो. बेडचं कव्हर प्रवासापुरतं काढा. लाकडं इथून नेऊच नका, तिथेच विकत घ्या. बऱ्याच पार्कांत किडीमुळे बाहेरची लाकडं आणायला बंदीही असते. पाण्याच्या टाकीचा निर्णय तिची जागा बघून घ्या, आणि सगळं हलवून झाल्यावर पुन्हा काट्यावर जा, कारण जीभ दहा टक्क्यांच्या खाली गेली असेल तर एक दुखणं घालवून दुसरं घेतल्यासारखं होईल. एवढं करूनही मागचा ॲक्सल 4,100 च्या आत येत नसेल, तर आईला विमानाने यलोस्टोनजवळच्या जॅक्सनला पाठवायचं की ट्रेलर बदलायचा, एवढाच प्रश्न उरतो.